मशीन मशीनला ओळखतं

पुणे, ७ जून १९९९

सपना,

आशीर्वाद सुरुवातीलाच घेऊन ठेव, कारण पुढे शिव्या आहेत.

तू पाठवलेल्या चार फ्लॉप्यांतल्या तीन मेल्या. पोस्टातल्या कुणीतरी शिक्का नेमका फ्लॉपीवरच हाणलाय. प्रकाशक माझ्या डोक्यावर बसलाय. म्हणतो, तुमच्या बहिणीचं टायपिंग सुंदर आहे हो, चूक शोधून सापडत नाही, पण ते माझ्या हातात पडणार कधी? दिवाळीपर्यंत त्याला दोन पुस्तकं काढायची आहेत. हे काम गेलं तर सेलूत बसून आयुष्यभर लग्नपत्रिकाच टाइप करत राहशील.

म्हणून एक उपाय काढलाय. तुझा कॉम्प्युटर काकांच्या फोनला जोडायचा. इथून आमच्या ऑफिसातला कॉम्प्युटर तुमच्याकडे फोन लावेल आणि तुझ्या फाइली तारेतूनच इकडे येतील. त्याला मोडेम नावाची छोटी पेटी लागते, ती पार्सलने पाठवतोय. रविवारी सकाळी ऑफिस रिकामं असतं, तेव्हा फोन वापरायला साहेबांनी हो म्हटलंय. अडचण एवढीच की तुझ्याकडे विंडोज आहे आणि आमच्याकडे लिनक्स. दोन्ही वेगळ्या घराण्यातली, एकाची रीत दुसऱ्याला माहीत नाही. पण जमवू.

तू काही करायचं नाहीस. रविवारी नऊ ते बारा मोडेम चालू ठेवायचा, एरवी बंद. फोन वाजला की तो आपला आपण उचलतो. मग जोरात चिरकल्यासारखा आवाज येतो, त्याला घाबरू नकोस. मशीन मशीनला ओळखतं ते तसंच. त्या वेळी कुणी रिसीव्हर उचलला तर जोडणी तुटली म्हणून समज. तुमच्याकडे अर्ध्या गल्लीची ये-जा, म्हणून सगळ्यांना बजावून ठेव, रविवारी फोनला हात लावायचा नाही.

वीस तारखेला पहिल्यांदा लावतो. काका-काकूंना नमस्कार.

प्रफुलदादा


सेलू, जि. वर्धा, २० जून १९९९

प्रफुलदादा,

पहिले तुझ्या मशीनचं सांगून टाकते, कारण जे सांगायचं आहे ते लिहायले हात चालून नाई राह्यला.

आज नऊले मोडेम चालू केला. तीनदा फोन वाजला. तिन्ही बारी त्यानं उचलला आणि अशी चिरक फुटली का आईच्या हातातलं भाजीचं गंज खाली पडलं. दोनदा जरा वेळ गुरगुरून तुटलं, एकदा तर लगेच तुटलं. झालं तुझं पुराण.

आता ऐक. शेजारच्या यशोदाकाकूचा लहानू बुधवारपासून घरी नाई.

बुधवारी त्यांच्या वावरात वखरणी चालू होती. लहानू ट्रॅक्टरवर, आणि त्याचा मोठा भाऊ बंडूभाऊ बाजूच्या मडगार्डवर बसला होता. धुऱ्याच्या बांधावर गचका बसला, बंडूभाऊ खाली पडला आणि मागचं चाक त्याच्या पायावरून गेलं. रक्त इतकं का मातीचा चिखल झाला म्हणतात. बंडूभाऊचे डोळे पांढरे. लहानूनं हलवलं, हाका मारल्या, उत्तर नाई. बाजूच्या वावरातले लोक धावत आले तवा ट्रॅक्टर तसाच चालू होता आणि लहानू कुठंच नव्हता.

अरे, बंडूभाऊ जिवंत आहे! सेवाग्रामले नेलं, मांडीपर्यंत प्लास्टर केलं, आता बोलते, खाते, नर्सशी भांडते. पण लहानूले हे कोण सांगणार? त्याच्या डोक्यात तर एकच, का आपल्या हातानं सख्खा भाऊ गेला. वर्धेचं स्टेशन पाहून झालं, हिंगणघाटचे पाहुणे विचारून झाले. पोरगा जमिनीनं गिळल्यासारखा गायब.

त्याले पाठ असलेला फोन नंबर एकच, आपला. शाळेपासून तो पीपी म्हणून, शेजारचा फोन म्हणून, हाच नंबर देते. म्हणून काकू आज सकाळी आल्या आणि दारातूनच विचारते, "सपना, मी तुमच्या फोनपाशी बसू का वं?" आईनं हात धरून आत आणलं. तवापासून बसल्या आहेत, पाण्याले पण नाई उठल्या.

तुझी सपना


पुणे, २५ जून १९९९

सपना,

तुझं पत्र उभ्याउभ्या वाचलं आणि जिन्यातच बसलो. लहानू? माझ्यासोबत बोरीच्या झाडावर चढणारा लहानू? कुत्र्याच्या पिल्लाला ठेच लागली तरी जो रडायचा, त्याच्या डोक्यावर हे ओझं! मला तर काही सुचेनासं झालंय. यशोदाकाकूंना सांग, तो फोन करणार म्हणजे करणार. माणूस कितीही पळाला तरी घरच्यांचं काय झालं हे विचारल्याशिवाय राहवत नाही. त्यांना फोनजवळून हलू देऊ नकोस.

मशीनचा रोग सापडला. तुझं विंडोज म्हणतं, पासवर्ड मला गुप्त लिपीत सांग. माझं लिनक्स म्हणतं, मी साध्या भाषेतच सांगणार. दोघं हटून बसतात आणि फोन कटतो. सोबतच्या कागदावर लिहिलंय त्या खिडकीत जा आणि 'गुप्त पासवर्ड हवाच' अशा अर्थाच्या ओळीपुढची बरोबरची खूण काढून टाक. हे पत्र पोचायला वेळ लागेल, म्हणून आता सरळ चार जुलैला लावतो.

आणि हो, मी तीनदा नाही, दोनदाच लावला होता. चिरक ऐकून तू इतकी घाबरलीस की एकाचे दोन ऐकलेस. पुस्तकातला एक काना सुटत नाही तुझ्या नजरेतून, आणि फोनच्या घंट्या मोजता येत नाहीत!

प्रफुलदादा


सेलू, ५ जुलै १९९९

दादा,

लागलं! काल फोन वाजला, चिरकला, आणि या बारी तुटलाच नाई. पडद्यावर तुझ्या कॉम्प्युटरचं नाव आलं, मोडेमचे दिवे लुकलुकले, आणि पहिलं पुस्तक गेलं ना रे पुण्याले! मी तर आईले उचलूनच घेतलं. पण मग अर्ध्या तासानं परत काऊन लावला? त्या बारी लगेच तुटलं. चिरक झाली आणि पलीकडून खट्कन ठेवल्यावाणी आवाज आला. काही फाइल राह्यली होती का? आणि घंट्यांचं म्हणशील तर मी बरोबर मोजल्या होत्या. पुण्यात राहून तू 'मला-तुला' करायले लागला, तसा शहाणपणाही लय शिकला.

आनंद इथंच संपला.

शुक्रवारी पोलिसांकडून निरोप आला. केळझरकडच्या एका विहिरीत जवान पोराचं प्रेत सापडलं, ओळखायले या. बंडूभाऊ दवाखान्यात, मग जाणार कोण? बाबा गेले. आम्ही सगळ्या बाया ओट्यावर. बाबा आले, चेहरा पांढराफटक. काकूकडे पाह्यलं आणि नुसती मान हलवली. काकूनं किंकाळी फोडली. बाबा घाबरून ओरडले, "नाई हो, नाई! लहानू नाई तो! मी नाई म्हणून मान हलवली!" काकूनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणते, "मंग ते कोनाचं पोरगं हो?" आणि त्या अनोळखी पोरासाठी परत रडायले लागल्या. दादा, मी असं कधी पाह्यलं नाई.

काकू रोज येतात. आता गल्लीत अजून दोन घरी फोन आले, त्यामुळं आपल्याकडं दुसऱ्यांचे फोन फारसे येत नाईत. आला तर लहानूचाच येईन, असं त्या म्हणतात. काल मोडेमकडं बोट दाखवून विचारते, "सपना, फोन तं हे डब्बं उचलते. माह्या लहानूचा आला तं?"

मी म्हटलं, काकू, त्याची काळजीच नका करू. दादानं सांगतलं आहे, मशीन मशीनलेच ओळखते. पुण्याचं मशीन असलं तरच ते उचलते. माणसाचा फोन आला तर चूप राहते, घंटी वाजत राहते, मग आपण उचलायचा. तवा कुठं त्यांचा जीव भांड्यात पडला.

बरोबर सांगतलं ना मी?

सपना


पुणे, ११ जुलै १९९९

सपना,

नाही! बरोबर नाही सांगितलंस! अगं देवा, काय होऊन बसलं हे!

मशीन माणसाला ओळखत नाही. ते आधी कुणालाच ओळखत नाही. घंटी वाजली की उचलतं, पलीकडे कुणीही असो. ओळखपाळख सगळी उचलल्यानंतरची. पलीकडे माणूस असला तर त्याच्या कानात ते तसंच चिरकत राहतं आणि मग फोन ठेवून देतं. मीच लिहिलं होतं 'मशीन मशीनला ओळखतं'. पुढचं लिहायला माझं काय जात होतं?

आता नीट वाच. चार तारखेला मी एकदाच फोन लावला. फाइली आल्या, कॉम्प्युटर बंद केला आणि मेसवर जेवायला गेलो. अर्ध्या तासाने आलेला फोन माझा नव्हता. वीस जूनचा तिसराही माझा नव्हता. आणि मी तुलाच हसलो.

मी दोन दिवस बाहेरगावी होतो, तुझं पत्र काल संध्याकाळी हातात पडलं. तसाच एसटीडी बूथवर पळालो. लावतो तर ती बाई एकच म्हणते, "इस रूट की सभी लाइनें व्यस्त हैं." आज सकाळी साडेनऊला एकदाचा लागला, तर तुझ्या मशीनने उचलला! सपने, तो आवाज आज पहिल्यांदा मी माझ्या कानाला लावून ऐकला. एरवी माझ्याकडूनही मशीनच ऐकत होतं ना. कानात कुणी तापलेली तार घालावी तसं झालं. मी बेंबीच्या देठापासून ओरडलो, "उचल! सपना, उचल!" कोणी उचलेना. परत लावला, परत ओरडलो. बूथवाल्याने काचेतून पाहिलं, त्याला वाटलं असेल हा येडा झाला. तीनदा झालं तसं. चौथ्यांदा लाइनच मिळेना.

मले काही सुचून नाई राह्यलं. तार करून राह्यलो, तार आधी पोचली तर बरं. हे पत्र पोचेल तेव्हा पोचेल. मोडेम उपटून फेकून दे. खड्ड्यात गेली पुस्तकं. तो पोरगा दोनदा आपल्या दारात आला आणि आपल्या मशीननं त्याले हाकलून देल्लं.

प्रफुल


सेलू, ११ जुलै, रविवार दुपार

दादा,

मांडीवर कागद ठेवून लिहून राह्यली. अक्षर लागलं नाई तर समजून घेजो.

आज सकाळी तुझ्या मशीनले काय झालं होतं? लागोपाठ वाजलं, चिरकलं, तुटलं. मी सैपाकघरात भाकरी टाकून राह्यली होती. काकू मोडेमले कान लावून बसल्या आणि म्हणते, "सपना, याच्यात कोनी तरी बोंबलून राह्यलं वं."

मी म्हटलं, काकू, तो मशीनचाच आवाज आहे.

"नाई वं. मानूस हाय. उचल म्हन्ते."

मी हसली. हसली रे मी! म्हटलं, बिचारीच्या मनावर परिणाम झाला.

मग दहा-साडेदहाले परत वाजला. मोडेमनं उचलला, चिरक सुरू झाली, आणि काकूनं सरळ रिसीव्हरले हात घातला. मी पिठाच्या हातानं धावली. "काकू, नका! जोडणी तुटते! माझं काम जाईन!" खरंच असं म्हटलं मी. त्यांनी माझ्याकडं पाह्यलं पण नाई. हॅलो नाई म्हटलं, कोण बोलते नाई विचारलं. रिसीव्हर तोंडाशी धरून एकच ओरडल्या,

"लहानू, बंडू जित्ता हाय रे! बंडू जित्ता हाय!"

मशीन चिरकतच होतं. काकू त्याच्यावर आवाज चढवून परत तेच, परत तेच. मानेच्या शिरा टरारून फुगल्या होत्या. मले काय वाटलं देव जाणे, मी मोडेमचं बटन बंद करून टाकलं. चिरक थांबली. घर एकदम चूप झालं. मी काकूच्या कानाले कान लावला. पलीकडं कोणी तरी श्वास घेत होतं.

मग आवाज आला. "माय?"

काकूनं रिसीव्हर दोन्ही हातांनी धरला.

"माय, बंडू जित्ता हाय, तं मंग तुमी सारे रडून काऊन राह्यले व्हते? मी दोनदा फोन लावला. दोन्ही बारी घरात रडनंच आयकू आलं."

दादा, आता समजलं. त्यानं आपल्या मोडेमची चिरक ऐकली आणि त्याले वाटलं, बाया सूर काढून रडून राह्यल्या. वीस तारखेले त्यानं हेच विचारायले फोन लावला होता, का भाऊ वाचला का गेला. त्याले उत्तर भेटलं! ऐकलं आणि फोन ठेवून देल्ला. मी त्यावेळी इथंच उभी होती, कानावर हात ठेवून.

तो आदिलाबादच्या अलीकडं एका ढाब्यावर ट्रक धुवते, रविवारी सकाळीच त्याले फोनपर्यंत जायले सवड भेटते. काकूनं शेवटी एवढंच म्हटलं, "घरी ये." आणि रिसीव्हर छातीशी धरून बसून राह्यल्या. बाबानं त्यांच्या हातातून सोडवून जागेवर ठेवला.

सपना


पुणे, १६ जुलै १९९९

सपना,

तुझं पत्र ऑफिसात सगळ्यांदेखत वाचलं आणि सगळ्यांदेखत रडलो.

मशीनमध्ये बोंबलणारा मीच होतो. तुला हाका मारत होतो. तू ऐकल्या नाहीस, यशोदाकाकूंनी ऐकल्या. ज्यांना ते डबडं काय आहे हेही माहीत नाही, त्यांना त्यात माणूस ऐकू आला. आपण दोघं चिरकेत फक्त फाइलीच ऐकत होतो.

आतापर्यंत माझी तारही पोचली असेल. ती जाळून टाक.

दुसरं पुस्तक फ्लॉपीवर पाठव, कुणी ओळखीचं पुण्याला येत असेल त्याच्या हाती. प्रकाशकाला मी सांगितलंय, थांबायचं असेल तर थांबा. तो थांबतो म्हणाला. लहानू पोचला का? लगेच लिही. मला रोज वाटतं, तो येता येता परत कुठे उतरून जाईल.

प्रफुलदादा


सेलू, २१ जुलै १९९९

दादा,

तुझी तार बारा तारखेलेच, सोमवारी दुपारी आली. काकू इथंच होत्या. तार म्हटल्यावर त्यांचा चेहरा असा झाला का आईनं पोस्टमनच्या हातातून ती हिसकूनच घेतली.

लहानू चौदा तारखेले, बुधवारी आला. त्याच्या आदल्या दिवशीच बंडूभाऊले दवाखान्यातून घरी आणलं होतं. लहानू हिंगणघाटवरून वर्धा आणि वर्धेहून सेलू असा एसटीनं आला. वर्धेहून त्यानं फोन केला, म्हणून बाबा आणि मी स्टँडवर घ्यायले गेलतो. गाडी लागली, माणसं उतरली, मले लहानू दिसेचना. बाबानं माझा हात दाबला तवा पाह्यलं. समोरच उभा होता आणि मी ओळखलं नाई. अर्धा झाला पोरगा. अंगावर कोणाचा तरी ढगळा शर्ट, आणि डोक्यावर केस नाईत. दिवसातून दहादा कंगवा फिरवणारा लहानू, आणि डोकं पूर्ण भादरलेलं, नुसती खुंटं. बाबानं काही विचारलं नाई. मी पण नाई.

दारात काकू भाकरतुकडा घेऊन उभ्या. ओवाळायले हात वर केला आणि त्यांची नजर त्याच्या डोक्यावर गेली. हात तिथंच राह्यला. आईनं त्यांच्या हातातून तुकडा घेतला, पटकन ओवाळून टाकला आणि लहानूले आत ढकललं.

बंडूभाऊ खाटेवर होता, प्लास्टरचा पाय उशीवर. लहानूले पाहून असा हसला, असा हसला, का आम्हा सगळ्यांच्या डोळ्यात पाणी आलं. उठायले गेला, जमलं नाई, हात पसरले. मग त्याचं लक्ष लहानूच्या डोक्याकडं गेलं. हसू एकदम मावळलं. त्यानं एकेकाकडे पाह्यलं. काकूकडं, बाबाकडं, माझ्याकडं, कोण कमी आहे ते शोधल्यावाणी.

"लहान्या, डोकं काऊन भादरलं बे? कोन गेलं?"

लहानू खाली बसला. भावाच्या प्लास्टरवर डोकं टेकवलं आणि म्हणाला,

"तू."

सपना